बांधलेल्या हाताची सोंगणी

ऑक्टोबर लागला की रिसोडच्या रस्त्यावर सोयाबीन येतं. ट्रॅक्टर, ऑटो, जीप, ज्याला चाक आहे त्यात पोती. धान्यबाजाराकडे जाणारा रस्ता सकाळपासून तुंबतो, आणि तो मोकळा करायला ज्यांना चौकात उभं करतात त्यांत मी असते. खाकी अंगावर चढून पाच वर्षं झाली. तोंडात शिट्टी, डाव्या हाताने एकाला थांबवायचं, उजव्याने दुसऱ्याला सोडायचं. दुपारपर्यंत नाकात मळणीची धूळ बसते. तिला कडवट, भाजल्यासारखा वास असतो. तो वास आला की माझा उजवा खांदा आपसूक अंगाशी येतो आणि कोपर पोटाला चिकटतं. समोरचा ट्रॅक्टरवाला गोंधळतो, मॅडमनी हात आत का घेतला म्हणून. मग मी हात पुन्हा बाहेर काढते आणि त्याला नेहमीपेक्षा जोरात सोडते. शरीराला तारीख कळत नाही, हंगाम बरोबर कळतो.

आठ वर्षांपूर्वीच्या सोंगणीत आमच्या अख्ख्या इंझोरी गावात एकच धडधाकट माणूस बसून होतं, आणि ते मी होते.

सोंगणी म्हणजे सोयाबीन कापायचे पंधरा दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी बसत नाही. लेकुरवाळी बाई धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाला झोळी बांधते, दुकानदार दुपारी शटर ओढून वावरात जातो, भांडणंसुद्धा दिवाळीवर ढकलली जातात. शेंग वाळली की तडकते आणि तडकली की दाणा मातीचा, ती कोणाची वाट पाहत नाही. अशा दिवसांत एकवीस वर्षांची, कॉलेजच्या कबड्डी संघात खेळणारी, जेवायला कधीही मागे न राहणारी मी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. उजवा हात निळ्या पट्टीत, पट्टी गळ्यात, आणि वरून आणखी एक पट्टा कमरेला, म्हणजे हात पोटापासून हलूच नये.

विळे घेऊन निघालेल्या बाया फाटकाशी थांबायच्या.

“काय व शीतल, हाताले काय झालं?”

“ऑपरेशन झालं, काकू.”

“कायचं?”

“खांद्याचं.”

“खांद्याचं बी ऑपरेशन असते का, बाप्पा.” आणि मग दोन पावलं पुढे गेल्यावर, मला ऐकू जाईल इतपत आवाजात, “डावा तं चांगला हाय न तिचा.”

हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की रात्री झोपेत माझा डावा हात मला शरमेने विळा मागायचा. मी तशीच बसून राहिले. आयुष्यात मी बरीच कष्टाची कामं केली आहेत, पण इतकं अवघड काम पुन्हा वाट्याला आलं नाही.

खांदा पहिल्यांदा निखळला तो त्याच्या दोन वर्षं आधी, मानोऱ्याच्या मैदानावर, सरावात. कबड्डीत चढाईला आलेल्या मुलीला धरायला बचावातल्या दोघी हातात हात घालतात, त्याला साखळी म्हणतात. माझ्या साखळीतला दुसरा हात संगीताचा होता. संगीता मानोऱ्याजवळच्या तांड्यातली, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, आणि तिची पकड अशी की एकदा धरलं की सोडणं तिलाच जमायचं नाही. त्या दिवशी चढाईवाली आमच्या मधूनच घुसली. संगीताने हात सोडला नाही, मीही सोडला नाही. माझा दंड वर आणि मागे गेला आणि आत काहीतरी ‘कट’ झालं. पाहते तर खांद्याच्या टोकाला खड्डा, आणि हाडाचा गोळा काखेच्या पुढे.

आमचे सर धावत आले आणि चार पावलांवर थबकले. माणूस सज्जन. स्वतःच्या डब्यातली चटणी आम्हाला वाटणारा. पण मैदानाच्या कडेला तीस-चाळीस पोरं उभी, आणि पुढे पडलेली मुलगी, आणि दुखणं खांद्यात. मुलीच्या खांद्याला हात लावायचा कोणी? सर म्हणाले, “पोरींनो, पाहा बरं तिले,” आणि त्यांनी पाठ फिरवली. पोरींनी बॅगांतून ओढण्या काढल्या आणि माझ्याभोवती पडदा धरला. संगीताने तांड्यात एका म्हाताऱ्याला हात बसवताना पाहिलं होतं. तिने मला आडवं केलं, माझ्या काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ओढलं. खांदा बसला. बसल्या क्षणी दुखणं असं गायब होतं की माणसाला वाटतं, बस, बरं झालं. पाच मिनिटांनी मी उठून उभी राहिले, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्या टाळ्यांनी माझं जितकं नुकसान केलं तितकं त्या चढाईवालीनेही केलं नाही.

पुढे तो निखळतच गेला. सरावात, सामन्यात, एकदा एसटीत वर पिशवी ठेवताना, एकदा नुसती दोरीवर कपडे टाकताना. आमची रीतच पडून गेली. मी पडले की कोणीतरी ‘पडदा’ म्हणून हाक द्यायचं आणि पंचाची शिट्टी वाजायच्या आत ओढण्या बाहेर यायच्या. समोरच्या संघाच्या मुलीही आपल्या ओढण्या घेऊन मदतीला यायच्या. सर पाठ करून उभे, पंच पाठ करून उभे, आत संगीता टाच रोवते आहे. “शीतलचा खांदा म्हंजे चहाच्या टपरीची फळी हाय, उघडते न लागते,” असं पोरी म्हणायच्या आणि मी सगळ्यांत जोरात हसायचे. निखळलेला खांदा घेऊन पुन्हा मैदानात उतरणारी म्हणून तालुक्यात माझं नाव झालं होतं. नाव झालं की माणूस मूर्खपणासुद्धा नेमाने करतो.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खेळ बंद झाला असता, आणि खेळ बंद झालेल्या मुलीला आमच्याकडे पाहुणे पाहायला येऊ लागतात. माय विचारायची, “अंग काहून चोरून राह्यली व?” मी म्हणायचे, पाठ लचकली. दोन वर्षं माझी पाठ लचकत होती.

शेवटी वाशिमच्या एका सामन्यात, श्रावणात, तो बसेचना. संगीताने तीनदा ओढला, चारदा ओढला. माझी बोटं बधीर होऊन मुंग्या यायला लागल्या आणि मी ओरडले. दोन वर्षांत मी कधी ओरडले नव्हते. तेव्हा सर वळले. ओढणी बाजूला करून त्यांनी पहिल्यांदा माझा खांदा पाहिला, आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी स्वतः मला धरून जीपमध्ये बसवलं. वाटेत एकदाच म्हणाले, “मले सांगाचं न, पोरींनो.” दर वेळी ते तिथेच तर उभे होते, चार पावलांवर. मला त्यांचा राग आला होता. आजही थोडा आहे, आणि ते भेटले की मी पाया पडते, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्या दिवशी घरीही सगळं कळलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि टेबलावरची चहाची बशी पुढे ओढली. खिशातलं पेनाचं टोपण तिच्यात ठेवलं. म्हणाले, खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत ठेवलेला लिंबू, तो सहसा निसटत नाही. खांदा म्हणजे बशीत ठेवलेला लिंबू. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. त्या बशीला कुर्चेची एक मऊ कड असते, ती लिंबाला अडवते. तुझा हात जितक्यांदा निसटला तितक्यांदा ती कड थोडी थोडी फाटली. आता पुढच्या बाजूला ती उरलीच नाही.

संगीता माझ्या शेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, “म्हंजे मी जेवढ्या खेपा बसोला, तेवढ्या खेपा…”

“बसवला म्हणून नाही फाटली,” डॉक्टर म्हणाले. “बसवल्यावर हिला इथं आणलं नाही म्हणून फाटली. पहिल्याच वेळी आणायचं होतं.”

त्यांनी समजावून सांगितलं, दुर्बिणीतून ऑपरेशन करू, कड परत हाडाला टाचू. “माझं काम एका दुपारचं आहे. पुढचे सहा-आठ महिने तुझं.” मी एवढंच विचारलं, गोळा फेकता येईल का. त्यांना वाटलं मी गोळाफेकसुद्धा खेळते. मग सांगावं लागलं. आमच्याकडे बी. ए. झालेल्या मुलीच्या हातात स्वतःचं असं फार काही नसतं. पोलीस भरती असते. भरतीत पळायचं असतं आणि चार किलोचा लोखंडी गोळा फेकायचा असतो. पळण्यात मी कोणाला हार जात नव्हते. गोळ्याला मात्र उजवा खांदा लागतो, आणि भरती पुढच्या उन्हाळ्यात निघणार असं सगळे म्हणत होते.

“सहा आठवडे हात पट्टीबाहेर काढायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. “ओझं नाही, झटका नाही. नंतर व्यायाम एक दिवस चुकवायचा नाही. हे केलंस तर फेकशील. मधे एकदा झटका बसला, टाचलेलं तुटलं, तर मला विचारायला येऊ नको.”

पोळा झाला आणि ऑपरेशन झालं. सहा आठवडे मोजले तर बरोबर सोंगणीच्या पलीकडे जात होते. आमचं तीन एकर सोयाबीन, बाबा शाळेत शिपाई, ते संध्याकाळीच मोकळे. वावरात राबणारे हात दरवर्षी चार असायचे, मायचे दोन आणि माझे दोन. त्या वर्षी ते निम्मे झाले.

सोंगणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी संगीता उभी. डोक्याला फडकं, हातात तिचा स्वतःचा विळा.

“तू कायले आली?” मी विचारलं.

“तुह्या हाताच्या जागी आली,” ती म्हणाली. “तू बस.” आणि मायच्या मागे वावरात गेली.

ती आठ दिवस राहिली. संध्याकाळी परत आली की माझ्या पट्टीचा पट्टा ओढून पाहायची, सैल तर नाही ना. तिला मी कितीदा सांगितलं की तुझी चूक नाही. ती म्हणायची, “नसन. पन हात तं माहाच होता न.” आठ दिवसांनी तिच्या घरचे ऊसतोडीला निघायची तयारी करायला लागले म्हणून ती गेली. जाताना विळा आमच्याकडेच ठेवून गेली.

ह्या दिवसांत माझी वेणी माय घालायची. एका हाताने वेणी घालता येत नाही हे ज्याने करून पाहिलं नाही त्याला पटणार नाही. ती मला ओसरीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवायची आणि स्वतः वरच्या पायरीवर उभी राहायची. मी म्हणायचे, खुर्चीवरच घाल ना. ती म्हणायची, “खाली बस म्हटलं तं बस.” वेणी घालताना मधेच थांबायची, हात खाली सोडायची, पुन्हा घालायची. मला वाटायचं, दिवसभर सोंगून दमली असेल.

पंधरा दिवसांतून एकदा कारंज्याला सोनल मॅडमकडे जायचं. सोनल मॅडम फिजिओथेरपिस्ट, वडिलांचं कापडाचं दुकान खाली, आणि वरच्या मजल्यावर ह्यांचा दवाखाना. घर जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि जेवणाआधी दवाखाना बंद. एसटी उशिरा आली की मी जिन्यावरून पळत जायचे आणि त्या वरून ओरडायच्या, “धावू नको, मी जेवण सोडते पण तू धावू नको.” त्या माझ्याच वयाच्या थोड्या पुढे असतील. खांदा तपासताना त्या मला आधी सांगायच्या, आता इथे हात लावते आहे, आता इथे. मला त्याचं फार नवल वाटायचं. इतकं साधं होतं तर ते.

एकदा मी त्यांना विचारलं, पोरांचेही खांदे निखळतात, मग माझंच इतकं का चिघळलं. त्या म्हणाल्या, “मुलींचे सांधे बरेचदा जरा सैल असतात. सैल सांध्याला धरून ठेवायला स्नायू लागतात, आणि ते कमवायला मुलींना कोणी वेळ देत नाही. पोरं दंड-बैठका काढतात, तुम्ही घरी जाऊन भाकरी टाकता. मैदानात मात्र दोघांनाही तेवढाच झटका बसतो.” मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, “आणि पोरगा ओरडतो गं. तू दोन वर्षं ओरडली नाहीस.” हे ऐकून मला रडू आलं. तिथे मी रडले ते दुखण्याने असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी हात खाली ठेवला.

आता ती दुपार सांगते. अशोक विजयादशमी दोन दिवसांवर आली होती, घरात मायची पांढरी साडी धुऊन घडी करून ठेवली होती. सोयाबीन सगळं कापून झालेलं, वावराच्या मधोमध त्याची सुडी रचलेली, म्हणजे शेंगांसकट झाडांचा हा छातीएवढा ढीग. दुसऱ्या दिवशी सकाळी मळणीयंत्र यायचं होतं. मला घरात बसवेना म्हणून मी डाव्या हातात जेवणाचा डबा घेऊन वावरात गेले होते. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आलं. परतीचा पाऊस सांगून येत नाही, आधी वारा पाठवतो आणि लगेच मागोमाग येतो. आजूबाजूच्या सगळ्या वावरांत माणसं आपापल्या सुड्यांकडे पळत होती, आमच्याकडे येणारं कोणी नव्हतं.

मायने ताडपत्री उघडली. एका टोकावर दगड ठेवला आणि दुसरं टोक धरून सुडीवर फेकलं. ते अर्ध्यातच पडलं. तिने पुन्हा फेकलं, पुन्हा अर्ध्यातच. मला वाटलं वारा आहे. तिसऱ्यांदा ताडपत्री फुगली आणि मायलाच घेऊन मागे सरकली. थेंब सुरू झाले. भिजलेल्या शेंगा काळ्या पडतात, त्या सुडीत आमचं वर्ष होतं, आणि मी तिथे पाच हातांवर उभी होते. माझा डावा हात कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर गेला. मला आठवतं, बकल अर्धं निघालंसुद्धा होतं. एकदाच तर ओढायचं आहे, मनात आलं. एकदा ओढल्याने काय होतं? दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते.

मायने वळून पाहिलं.

“हात काढशीन तं हे सारं पेटवून देईन,” ती म्हणाली.

ती ओरडली नाही. वाऱ्यात मला जेमतेम ऐकू आलं. पण माझी माय रिकामं बोलत नाही, आणि तिच्या कनवटीला चुलीसाठी आणलेली काडीपेटी असतेच. मी बकल लावलं.

मग सुचलं ते केलं. माय सुडीवर चढली, ताडपत्री ओढत पलीकडे उतरली आणि तिकडची कड दगडांनी दाबू लागली. इकडची कड वाऱ्याने उचलत होती आणि इकडे दगड नव्हते. मी त्या कडेवर बसले, तरी ती उचलेच. मग मी तिच्यावर आडवी झाले, डाव्या कुशीवर, उजवा हात वरच्या बाजूला पोटाशी बांधलेला. छप्पन्न किलोचा दगड. पाऊस कोसळला. थोड्या वेळाने माय आली, खताच्या पोत्याची खोळ माझ्या उजव्या खांद्यावर टाकली आणि माझ्या पायांपाशी स्वतः कडेवर बसली. पाणी माझ्या कानात जात होतं. ताडपत्री खालून धक्के देत होती आणि आम्ही दोघी नुसत्या पडून होतो.

मला तोवर वाटत होतं, जिद्द म्हणजे पाच मिनिटांत उठून उभं राहणं. त्या तासाभरात कळलं की हात असून तो न उचलणं हीसुद्धा जिद्दच, आणि तिला टाळ्या मिळत नाहीत. उलट शेजारच्या वावरातला एकजण पाऊस थांबल्यावर येऊन म्हणाला, “लोळून कायले राह्यल्या मायलेकी?” मायने ताडपत्रीची कड उचलून खालच्या शेंगा चाचपल्या. खालचा थोडा थर भिजला, बाकी सुडी वाचली.

पट्टी सुटली तेव्हा हात पाहून मी घाबरले. दंड तुरीच्या वाळल्या काडीसारखा, आणि कोपर पुढे नेलं की खांदाही बरोबर यायचा. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात, माझी मुंगी तर लंगडी होती. आधी वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि हळू फिरवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, दुखेल तिथे थांबायचं, तिथे खूण करायची. सोनल मॅडम म्हणाल्या, आजची खूण कालच्या वर गेली पाहिजे असं नाही, पण खूण रोज झाली पाहिजे. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर मी कोळशाने रेघा मारू लागले. काही दिवस एका रेघेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तिथे नुसता काळा डाग झाला होता. त्या डागापुढे उभी राहून मी भिंतीला शिव्याही दिल्या आहेत. नंतर सायकलची फाटकी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून ती ओढायची. पहाटे ट्यूब, संध्याकाळी ट्यूब. गावातली पोरं म्हणायची, शीतलताई पंक्चर काढून राह्यली.

भरती निघाली. गोळ्याच्या वर्तुळात उभी राहिले तेव्हा खांद्याला काही दुखत नव्हतं. भीती मात्र होती. आता निघेल, आता निघेल, असं आतून कोणीतरी म्हणत होतं, आणि माझ्याभोवती ओढण्या धरायला तिथे कोणी नव्हतं. गोळा मानेला लावला, भिंतीवरची सगळ्यांत वरची रेघ डोळ्यांपुढे आणली आणि फेकला. तो कुठे पडला ते मी पाहिलंच नाही. मी आधी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. तो जागेवर होता. मोजणाऱ्या बाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा मी वर्तुळातून बाहेर आले. त्या वर्षी लेखी परीक्षेत थोडक्यात राहिले, पुढच्या भरतीत लागले. दोन्ही वेळा घरी आल्यावर मायने किती लांब गेला हे विचारलं नाही. “निंगाला तं नाई न?” एवढंच विचारलं.

ह्या वर्षी सोंगणीला चार दिवसांची रजा मिळाली. आता मी दोन्ही हातांनी सोंगते, संगीताच्या विळ्याने. तिला फोटो पाठवला तर तिने लिहिलं, पट्टा सैल नको ठेवू. अशोक विजयादशमीसाठी घराला रंग द्यायचा होता. पुढच्या भिंती झाल्यावर मी डबा-कुंचा घेऊन मागे गेले. मागच्या भिंतीला कितीतरी वर्षांत रंग लागला नव्हता. माझ्या कोळशाच्या रेघा तशाच होत्या, तो काळा डागसुद्धा. आणि त्यांच्या उजवीकडे, हातभर खाली, आणखी रेघा होत्या.

त्या कोळशाच्या नव्हत्या. विळ्याच्या टोकाने ओरखडलेल्या, इतक्या बारीक की लांबून दिसूच नयेत. खांद्याच्या उंचीपासून सुरू झालेल्या आणि अगदी दाट, एकीला चिकटून दुसरी. आठ वर्षांत त्या वीतभरसुद्धा चढल्या नव्हत्या. सगळ्यांत वरच्या रेघेतली माती ताजी होती.

माय न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी विचारलं, “ह्या कायच्या व, माय?”

“माह्या,” ती म्हणाली.

“कवापासून?”

“तुही पट्टी सुटली तवापासून. तू कारंज्याले गेली का मी करो, मंग तू नोकरीले गेली तं रोजच.”

मला एकदम ती खालची पायरी आठवली. अर्ध्यात पडणारी ताडपत्री आठवली. तीस वर्षं विळा, पाण्याचे हंडे, डोक्यावरचे भारे, आणि मी पाच हातांवर उभी राहून वाऱ्याला दोष दिला होता. तिला ना मैदान होतं, ना संघ, ना पडदा धरायला पोरी. माझा आवाज चढला. “मंग मले काहून नाई सांगतलं?”

मायने भांडं पालथं ठेवलं. “तू सांगतलं होतं का मले? दोन वर्ष?”

मी कुंचा खाली ठेवला. फोन काढून सोनल मॅडमला लावला आणि म्हटलं, उद्या सूर्य मावळायच्या आत येतो, मी आणि माझी माय, खांदा तिचा आहे. मग मायला म्हटलं, “चाल, दाखव बरं किती जाते.”

तिने पदराला हात पुसले आणि भिंतीसमोर उभी राहिली. बोटं भिंतीला लावली. मग माझ्याकडे न पाहता, नव्या नवरीसारखी लाजून म्हणाली, “तू तिकडे तोंड कर न. तू पाह्यत राह्यली का नाई होत माह्याच्यानं.”

मी तोंड फिरवलं नाही.